डब्यात राहिलेलं

बस नेहमीच्या रस्त्यानं गेली असती तर काहीच झालं नसतं. पण रस्ता खणून ठेवला होता, म्हणून ड्रायव्हरनं गाडी मागच्या अरुंद गल्लीत घातली. दोन्ही बाजूंना गॅरेजं, टायरांचे ढीग, भंगाराची आवारं. गोटी खिडकीशी बसली होती. मांडीवर कापडात गुंडाळलेला प्लास्टरचा साचा होता, कुणा गृहस्थांच्या खालच्या जबड्याचा, आणि बस गचके देत होती म्हणून तिनं तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. एका कुंपणाआड कमरेएवढं गवत वाढलं होतं आणि त्या गवतात कसलीतरी गोलसर, मळकट करडी पाठ दिसली. एक बुटकी खिडकी, तिच्यावर ऊन. बस पुढे गेलीसुद्धा. आणि गोटीच्या तोंडून, चांगला मोठ्यानं, शब्द निघून गेला, "डबा!" शेजारच्या बाईंनी तिच्याकडे मायेनं पाहिलं. म्हणाल्या, "विसरलात? होतं हो असं, सकाळच्या घाईत." डबा पिशवीत होता, पोळी-भाजीसकट. तरी गोटीनं मान डोलावली आणि विसरलेच होते म्हणून सांगितलं. हे अगदी खरं होतं, हे तिच्या लक्षात आलं ते बसमधून उतरल्यावर.

पन्नाशी उलटलेल्या बाईला कुणी गोटी म्हणू नये. कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये तिला ताई म्हणत, दंतवैद्य फोनवर मॅडम म्हणत. पण घरी आई आणि दादा तिला गोटीच म्हणत आले, कारण लहानपणी ती जाडजूड होती आणि सोडली की घरंगळत कुठल्यातरी कोपऱ्यात जाऊन बसायची. त्या घराला तेव्हा कोपरे फार नव्हते. बाबा रस्त्यांची मोजणी करायचे. जिथे रस्ता व्हायचा तिथे आधी बाबा जायचे, आणि खात्यानं त्यांना राहायला ॲल्युमिनियमचं एक चाकांचं घर दिलं होतं. ट्रकच्या मागे बांधून ते न्यायचं, माळावर उभं करायचं, दगड लावून चाकं अडवायची, की झाला संसार. एका टोकाला आईबाबांची झोपायची फळी, दुसऱ्या टोकाला दादाची आणि तिची, मध्ये भिंतीतून खाली पडणारं टेबल. कॅरव्हॅन हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही. सगळे त्याला डबा म्हणायचे. डबा तापला, डबा गळतोय, डब्यात चपला घालून येऊ नका. पुढे बाबांना कचेरीतली बदली मिळाली, विटांचं घर आलं, आणि डबा म्हणजे पुन्हा शाळेत न्यायचा डबा, पिठाचा डबा, मिठाचा डबा झाला. आधीचा अर्थ कुणी पुसला नाही, तो आपोआप पुसला गेला.

दिवसभर कामात तिचा हात चालत होता आणि मन माळावर होतं. साच्यावर मेण चढवायचं, दात एकेक करून बसवायचे, हिरड्यांची कड नखानं सारखी करायची. हे काम तिला आवडायचं ते यासाठीच की त्यात कुणी बोलत नाही. तिला डब्यातली एक दुपार आठवत होती, आणि डबा हा शब्द विसरला तरी ती दुपार ती कधीच विसरली नव्हती. ती झोपून उठली होती आणि डब्यात कुणी नव्हतं. आई नाही, बाबा नाहीत, दादा नाही. भिंतीतली, पत्रे जोडणारी काही रिबिटं गळून गेली होती आणि त्या भोकांतून उन्हाचे ठिपके समोरच्या फळीवर पडले होते. ठिपके सरकत होते. तिनं त्यांना नावं दिली, त्यांची भांडणं लावली, सोडवली. घाम येत होता म्हणून फ्रॉक काढून टाकला. मग बराच वेळ ती नुसती पडून राहिली, आणि पत्रा टक् टक् वाजत होता, आणि जग म्हणजे ती आणि तो आवाज. आयुष्यात इतकी आपली आपण ती पुन्हा कधी झाली नाही. मग दार उघडलं, आईनं तिला उचलून इतकं घट्ट धरलं की आईच्या झग्याचं मोठं बटण तिच्या गालात रुतलं. बटणाची खूण संध्याकाळपर्यंत राहिली होती आणि दादा त्यावरून चिडवत होता. सुखाची दुपार कुणी विचारली असती तर गोटीनं हीच सांगितली असती. कुणी विचारली नाही.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा स्वयंपाकघरात सगळे डबे ओट्यावर उतरवलेले होते. हे आता रोजचंच होतं. दुपार कलली की आईला काहीतरी होई. ती पलंगावरून उठे, भिंतीला धरत स्वयंपाकघरात जाई आणि एकेक डबा उघडून आत बघे. दिवसा सांभाळायला येणारी बाई विचारी, आजी, काय हवंय? आई म्हणे, "डब्यात राहिलंय गं." काय राहिलंय ते तिला सांगता येत नसे. चेहरा असा व्हायचा की बघणाऱ्याला घाबरायला व्हावं. सुरुवातीला सगळ्यांनी डोकं लढवलं. गोटीला वाटलं, कवळी असेल. आईची कवळी तिनंच केलेली, रात्री ती एका डबीत असते. पण कवळी ती. आई म्हणत होती राहिलंय. म्हणजे ते काहीतरी. वहिनीनं फोनवर ठामपणे सांगितलं, कानातलं असणार, जुन्या बायका डाळीच्या डब्यात सोनं लपवतात. डाळ चाळून झाली, पीठ चाळून झालं. मग कुलूप, बटण, औषध, घड्याळ, जे जे म्हणून नपुंसकलिंगी घरात होतं ते आईच्या हातात देऊन झालं. आई ते बघायची, बाजूला ठेवायची आणि पुढचा डबा उघडायची. दादा परगावाहून म्हणाला, तिच्या बोलण्यात व्याकरण कसलं शोधतेस, तिला आज वार कुठला ते माहीत नाही. त्यानं एक चांगली संस्थाही बघून ठेवली होती, तिथे चोवीस तास माणसं असतात. गोटीला हे सगळं सहन होत होतं. न सहन होणारी गोष्ट वेगळीच होती. अलीकडे आई एखादाच डबा उघडायची आणि झाकण हातात धरून तशीच उभी राहायची. बाई खूश होती, म्हणाली, आजी शांत झाल्यात. पण गोटीला कारण कळत होतं. आई हवं ते सापडलं म्हणून थांबत नव्हती, शोधायचं विसरत चालली होती. एक दिवस ती मुळीच उठणार नाही, आणि जे राहिलंय ते कायमचं राहील.

त्या संध्याकाळी गोटी ओट्यावरचे डबे पुन्हा फळीवर चढवत होती. साखरेचा डबा हातात असताना ती थांबली. इतक्या महिन्यांत सगळ्यांनी विचारलं होतं, काय राहिलंय. कुठल्या डब्यात, हे कुणीच विचारलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी ती बसमधून दिसलेल्या त्या आवारात गेली. आवाराचा मालक पत्र्याची कामं करणारा होता, आणि बोलायला लागला की घड्याळाकडे बघणं सोडून द्यावं असा. त्यानं ठासून सांगितलं की हा डबा म्हणजे पूर्वीच्या फिरत्या सरबतवाल्याची गाडी. मग गवत कापून, पाण्याचा फवारा मारून झाल्यावर तितकंच ठासून सांगितलं की सरबतवाल्याची शक्यच नाही, ही राहायची गाडी, हे तर आंधळासुद्धा सांगेल. त्यानं टोकाच्या गोलाईवरून हात फिरवला. गोलाई पत्र्याच्या पाकळ्या जोडून केलेली होती, आणि म्हणे अशा रुंद पाकळ्या एकच छोटा कारखाना काढायचा, तो कधीच बुडाला. खिडकीची बिजागरी वरच्या बाजूला, चाकांवर अर्धगोल झाकणं, म्हणजे त्याच कारखान्याची. गोटीनं हळूच विचारलं, रस्त्याच्या खात्याकडे अशी असायची का? असायची की, तो म्हणाला, पुष्कळ असायच्या. पण ताई, त्यातली तुमची हीच कशावरून?

कशावरून, हे तिला सांगता येईना. ती आत गेली. तळाची फळी कुजून भुसा झाली होती, उंदरांनी एका कोपऱ्यात बिऱ्हाड केलं होतं, पडतं टेबल नव्हतं, फळ्या नव्हत्या. आठवणीतला डबा केवढा तरी मोठा होता, हा तिच्या खांद्यांना लागत होता. तिनं भिंतीवर एखादी रेघ, एखादं नाव शोधलं. भेगांतून बोटं घालून पाहिलं. काहीतरी नपुंसकलिंगी सापडेल म्हणून कोपरान् कोपरा चाचपला. बाटलीचं एक झाकण निघालं, तेही अलीकडचं. इतक्या डब्यांपैकी नेमका आपलाच आपल्या बसच्या वाटेत येऊन पडेल, असं समजणारी आपण कोण लागून गेलो, असं तिला वाटलं आणि स्वतःचीच लाज वाटली. बाहेर येऊन ती म्हणाली, मला हा नीट करायचाय. पत्रेवाल्यानं विचारलं, तुमचा नसला तरी? ती म्हणाली, तरी. दादाला कळलं तेव्हा तो फोनवर म्हणाला, आईला ठेवायला जागा नाही म्हणून डबा घेतलास की काय. विनोद म्हणून म्हणाला असावा.

मग सुट्टीचा दर दिवस तिथे जाऊ लागला. पत्रेवाला तळ बदलत होता, कुजलेली चौकट काढून नवी घालत होता, आणि पॉलिश तिनं अंगावर घेतलं होतं. ते काम तिच्या हातातलंच होतं. लॅबमध्ये ती प्युमिस दगडाच्या ओल्या पुडीनं तोंडात मावेल एवढी वस्तू चकचकीत करायची, इथे वस्तूच्या तोंडात ती मावत होती, एवढाच फरक. ॲल्युमिनियमला आधी काळं सुटतं. फडकं काळं, हात काळे, नाकाचा शेंडा काळा. घासत राहिलं की त्या काळ्यातून कुठेतरी फिकट डाग उमटतो, मग त्यात आभाळ दिसतं, मग आपण दिसतो. घासताना तिला विचार यायचे की हे आपण काय करतोय. इतकी वर्षं साचलेला मळ म्हणजेच तर आठवण असेल, आणि आपण ती मन लावून पुसतोय. गळून गेलेल्या रिबिटांच्या जागी पत्रेवाल्यानं नवी ठोकली तेव्हा ती बाजूला जाऊन उभी राहिली. भोकं बुजली, आत ठिपके पडायचे बंद झाले. गळका डबा कुणाला हवा असतो, तिनं स्वतःला समजावलं. घरी आई झाकण हातात घेऊन उभी असायची. एका दुपारी तर बाई म्हणाली, आज उठल्याच नाहीत. त्या आठवड्यात गोटीनं दंतवैद्यांची कामं मागे टाकून दोन दिवस रजा घेतली आणि दोन्ही दिवस डब्यापाशी काढले.

दाराचं काम सगळ्यात शेवटी निघालं. पत्रेवाल्यानं खटका उघडा केला, आत डोकावला आणि गुडघ्यावर थाप मारून हसला. "ताई, इकडे या. कुण्या शहाण्याची करणी आहे ही?" त्यानं दाखवलं. बाहेरची मूठ सगळ्या जगाच्या उलट, वर फिरवली की उघडत होती. आणि आतली मूठ नुसती शोभेची होती. आतली पट्टी कुणीतरी हातानं तासून, उफराटी बसवली होती, तिचा खटक्याशी संबंधच येत नव्हता. दार लागलं की बाहेरून उघडायचं, आतून नाही. कारखान्याचं काम नाही हे, पत्रेवाला म्हणाला, आयुष्यात इतकी दारं उघडली पण असलं पाहिलं नाही. गोटी खाली वाकून त्या पट्टीकडे बघत राहिली. तासल्याच्या खुणा होत्या, कष्टानं केलेल्या. तिच्या तोंडून निघालं, "बाबाछाप."

बाबांना दुरुस्तीची दांडगी हौस. त्यांचा हात लागला की वस्तू चालू व्हायची आणि उलटी व्हायची. त्यांनी बसवलेल्या नळाला डावीकडे गार पाणी यायचं. त्यांनी दुरुस्त केलेली छत्री आपोआप मिटायची. घरात अशा प्रत्येक गोष्टीला बाबाछाप म्हणत, आणि बाबा होते तोवर तेही हसत हसत तो शब्द वापरत. पत्रेवाल्याला तिनं एवढंच सांगितलं की हा आमचाच आहे. तो म्हणाला, वा, मग आता सरळ करून टाकतो. ती म्हणाली, नको, एवढं राहू दे. का राहू दे, ते तिलाही कळलं नाही. ती पायरीवर बसली आणि तिची ती सुखाची दुपार तिच्या हातात उलटी फिरली. दार बाहेरून लागलेलं होतं. वाऱ्यानं आपटलं असेल. आई, बाबा, दादा जवळपास कुठेतरी गेले असतील, पाणी आणायला, कशाला तरी, आत्ता येतो म्हणून. आणि वेळ झाला असेल. माळ, वरून ऊन, ॲल्युमिनियमचा पत्रा आणि बंद खिडक्या. ती फ्रॉक काढून पडून राहिली होती ते मजेनं नव्हे. पत्रा टक् टक् वाजत होता तो तापून. आणखी थोडा वेळ गेला असता तर? आणि मग तिला घरातली ती जुनी गंमत आठवली. आईनं जन्मात कुठल्या दाराला आतून कडी लावू दिली नाही. न्हाणीघराचंसुद्धा दार नुसतं लोटायचं. दादा मोठा होईपर्यंत आंघोळ करताना गात राहायचा, आत माणूस आहे हे कळावं म्हणून, आणि त्यामुळे त्याचा गळा तयार झाला असं सगळे म्हणत. आईचा विक्षिप्तपणा म्हणून सगळे हसले होते. गोटी सगळ्यात जास्त हसली होती.

आईला आणलं तो दिवस निरभ्र होता. गाडीतून उतरवून तिला खुर्चीत बसवलं. समोर डबा चकाकत होता, त्यात गवत, आभाळ आणि खुर्चीतली एक वाकडी छोटी म्हातारी दिसत होती. आईनं बघितलं, मग नजर काढून घेतली. कुणाचं आहे हे, तिनं विचारलं. आपलं आहे, आई, आपला डबा, गोटी म्हणाली. असं होय, आई म्हणाली, छान आहे, आणि मांडीवरची शाल सारखी करायला लागली. झालं. संपलं. उशीर झाला होता. गोटीला रडू आलं नाही, नुसता थकवा आला, इतक्या महिन्यांचा एकदम. पत्रेवाला हळहळत चहा सांगायला गेला. आईच्या पाठीला उशी हवी होती. नव्या फळीवर उशा होत्या, म्हणून गोटी आत गेली, आणि मागे दार लागलं. वारा असेल. तिनंच ओढलं असेल. तिला ते पुढेही नीट सांगता आलं नाही.

तिनं आतली मूठ फिरवली. ती फिरली आणि फिरतच राहिली. आत ऊन नव्हतं, ठिपके नव्हते, सगळी भोकं तिनंच बुजवून घेतली होती. पत्र्याचा वास होता, नव्या लाकडाचा वास होता. उकडायला लागलं. हसण्यासारखीच गोष्ट होती, आत्ता पत्रेवाला येईल, खिडकी तर हाताशी आहे. तरी तिनं मूठ पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली. त्या दुपारी जे तिला वाटलं नव्हतं ते सगळं आत्ता वाटत होतं, जणू ते इतकी वर्षं इथेच थांबलं होतं. तिनं दारावर तळवा आपटला. एकदा, मग पुन्हा. "आई," ती म्हणाली, आणि आवाज लहान निघाला.

बाहेर खुर्ची सरकली. खडीवर चपला फरफटत आल्या, थांबत, पुन्हा येत. मग मूठ हलली. परका माणूस ती आधी खाली दाबून बघायचा, पत्रेवालासुद्धा अजून रोज चुकायचा. बाहेरच्या हातानं ती एकदाही चाचपडली नाही. एका झटक्यात वर फिरवली.

दारात आई उभी होती, शाल खाली पडलेली, मागे एवढं ऊन की चेहरा दिसेना. तिनं गोटीकडे पाहिलं आणि मग मान वळवून मागे, जिथे कुणीच नव्हतं तिथे, कुणाला तरी ओरडून सांगितलं, "अहो, मी म्हणत नव्हते? पोर डब्यातच राहिलंय."

गोटी पायरीवर उतरली तशी आईनं तिचं डोकं दोन्ही हातांनी ओढून छातीशी धरलं. एवढ्या वयाच्या बाईला त्यासाठी गुडघ्यांवर यावं लागलं. आईच्या स्वेटरचं बटण गालात रुतलं. पोर. ते पोर. इतके दिवस घरातलं सगळं नपुंसकलिंगी आईच्या हातात देऊन झालं होतं, आणि रोज संध्याकाळी डबे फळीवर चढवत होती ती कोण?

"घाबरलीस?" आईनं विचारलं.

हे आईनं तेव्हाही विचारलं असणार. तेव्हाचं उत्तर गोटीला माहीत होतं, आणि आत्ताचं त्याच्या अगदी उलटं होतं. ती म्हणाली, "नाही. मला मजा आली, आई."

आई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग हळू आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये अशा, म्हणाली, "मी घाबरले."

पत्रेवाला चहा घेऊन आला तेव्हा दोघी पायरीवर बसल्या होत्या. गोटीनं आईला शाल पांघरली होती आणि गालावरची खूण ती बोटानं चाचपत होती. आई कुठेतरी लांब बघत होती, ती परत निघून गेली होती, कुठे ते कळायला मार्ग नव्हता. पण तिचा एक हात मागे होता. दार पुन्हा लागू नये म्हणून तिनं ते धरून ठेवलं होतं, आणि चहाचा कप पुढे केला तेव्हासुद्धा तिनं तो दुसऱ्या हातानं घेतला.